सोलापूरची घडविलेली भूमि

मराठी मुलखांतील खेड्याची सारी भूमि दोन शब्दांत सामावलेली असते: एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गांवच्या जुन्या कागदपत्रांत आणि गांवकऱ्यांच्या बोलण्यांत हे दोन शब्द जोडीनें येतात. परंतु पांढरी ही पांढरी कां, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. ज्या जागेवर शेंकडों वर्षें माणसें राहिलीं, चुलींची राख पडली, गुरें बांधलीं गेलीं, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पावसांत विरघळून पुन्हां मातीस मिळाल्या, त्या जागेच्या मातीचा रंगच पालटतो. सोलापूर जिल्ह्यांत भीमा, सीना किंवा माण या नद्यांच्या कांठच्या एखाद्या जुन्या गांवाकडे जाऊं लागलें, म्हणजे काळ्या रानाच्या मधोमध फिकट मातीचें एक टेंकाड उठून दिसतें. तें टेंकाड निसर्गानें केलेलें नाहीं. माणसांच्या राहण्यानें, हळूहळू, कोणाच्याहि हुकुमावांचून तें वाढलें आहे. त्यांतलीच माती पुन्हां घरांच्या माळवदांवर पसरली जात आली, आणि अशा रीतीनें पूर्वजांच्या भिंती वंशजांच्या डोक्यावरचें छप्पर झाल्या.

जी गोष्ट पांढरीची, तीच काळीची, माळाची आणि पाण्याची. सोलापूरचा प्रदेश पर्जन्यछायेंतला. आगगाडीच्या खिडकींतून तो पाहणाऱ्या शहरवासी प्रवाशास तो उजाड, सपाट आणि जसा निर्माण झाला तसाच पडून राहिलेला वाटतो. वस्तुतः या प्रदेशांतील तळीं माणसांनीं खोदलेलीं आहेत, शेतांचे बांध माणसांनीं घातलेले आहेत, आणि माळावरचें गवतसुद्धां मेंढ्यांच्या दांतांनीं व धनगरांच्या फिरतीनें आजच्या रूपास आलेलें आहे. अशा मनुष्यघटित भूमीची नोंद कोणीं, कोणत्या हेतूनें करून ठेविली, आणि त्या नोंदींत काय राहून गेलें, हें पाहण्यासारखें आहे. हा प्रश्न केवळ विद्वानांपुरता नाहीं. जें लिहिलें गेलें नाहीं, तें पुढें मोकळें, पडीक आणि निरुपयोगी समजलें जातें; आणि एकदां तसें समजलें गेलें, म्हणजे तें नाहींसें होण्यास फार काळ लागत नाहीं.

सोलापूर शहराच्या मध्यभागीं भुईकोट किल्ला असून त्याला लागून सिद्धेश्वराचें तळें आहे. सोलापूरचें जुनें नांव सोन्नलगी. बाराव्या शतकांत, म्हणजे बसवेश्वरांच्या काळीं, येथें शिवयोगी सिद्धराम होऊन गेले. त्यांचीं वचनें कन्नड भाषेंत आहेत. परंपरा त्यांना तळें खोदविणारे, देवळें उभारणारे आणि लोकोपयोगी कामांत गढून गेलेले सत्पुरुष म्हणून ओळखते. पंधराव्या शतकांत संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथांत अल्लमप्रभु सोन्नलगीस येतात असा प्रसंग आहे. तळ्याचें काम चाललेलें पाहून अल्लमप्रभु सिद्धरामांचा उल्लेख वड्ड, म्हणजे माती-दगड वाहणारा वडार, असा करतात. बाह्य कर्मापेक्षां आत्मज्ञान मोठें, हें त्या कथेचें तात्पर्य. तथापि इतिहासाच्या दृष्टीनें तींत दुसरीच एक गोष्ट मोलाची आहे. तळें केवळ पुण्याईनें उत्पन्न झालें नाहीं. तें खोदणारे हात कोणाचे होते, हें त्या एका शब्दांत टिकून राहिलें आहे. दख्खनच्या बहुतेक तळ्यांच्या बाबतींत एवढाहि उल्लेख सांपडत नाहीं.

सिद्धरामांनीं सोलापूरच्या पंचक्रोशींत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, अशी श्रद्धा आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेंत उंच काठ्यांचे सात नंदिध्वज मिरवीत नेऊन त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक केला जातो. दुसऱ्या दिवशीं संमती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा होतो. शहर वेशीबाहेर पसरलें, कापडाच्या गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं आणि पुढें त्या गिरण्या बंदहि पडल्या. पण यात्रा आपलीं ठिकाणें सोडीत नाहीं. या यात्रेकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें, तर दरवर्षीं पायांनीं काढलेला तो एक नकाशाच आहे. कागदाला वाळवी लागते. हा नकाशा दरसाल नव्यानें काढला जात असल्यामुळें पुसट होत नाहीं. मात्र त्याची मर्यादाहि स्पष्ट आहे. यात्रेला लिंगाचें स्थान ठाऊक असतें. पावसाचें पाणी कोणत्या उतारानें, कोणत्या ओढ्यानें तळ्यास मिळतें, याची मिरवणूक कोणी काढीत नाहीं. लिंग राहतें आणि पाण्याची वाट बुजते, असें होऊं शकतें.

किल्ल्याची गोष्ट अशीच आहे. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो. खंदक आणि पाणी हेंच त्याचें बळ. तळ्याच्या कांठीं कोट उभा राहिला यांत नवल नाहीं. सोळाव्या शतकांत या किल्ल्यासाठीं निजामशाही व आदिलशाही यांचें वैर चाललें, चांदबिबीच्या लग्नांत तो आंदण म्हणून दिला गेला, हें सर्व तवारिखांत आहे. किल्ल्याच्या आंत जुन्या देवळाचे अवशेष आहेत, त्यांचीहि नोंद झालेली आहे. तळ्याचा गाळ कोणीं काढला, सांडवा कोणीं राखला, हें मात्र कोणत्याहि तवारिखकारानें लिहिलें नाहीं. राजसत्तेचें लक्ष तटाकडे असतें. ज्या पाण्यावर तट उभा असतो त्याकडे तें क्वचित् वळतें.

जमिनीची पद्धतशीर नोंद इंग्रजी अमलांत झाली. पेशवाई १८१८ सालीं संपल्यावर नव्या सरकारापुढें पहिला प्रश्न साऱ्याचा होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत मोजणीची नवी पद्धत सुरू केली, आणि भीमेच्या पलीकडील सोलापूरच्या तालुक्यांत ती लौकरच येऊन पोंचली. १८४७ च्या संयुक्त अहवालांत तिचे नियम कायमचे ठरले. तेहेतीस फुटांची साखळी. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताची आकृति काढून तिचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागांत माती खणून तिची खोली हातांनीं मोजावयाची, आणि ती त्या भागांत लिहावयाची. पावणेदोन हात खोलीची, एकजिनसी काळीभोर माती म्हणजे सोळा आणे जमीन. तेथून उतरत उतरत शेवटचा वर्ग दोन आण्यांचा. याशिवाय मातीचे सात दोष ठरविलेले होते: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीला चिकटपणा नसणें, पाणी न मुरणें, वाहत्या पाण्याचा ओघ वरून जाणें, आणि पाणी सांचून राहणें. प्रत्येक दोषाला एक खूण होती. दोष असेल तितका वर्ग खालीं जाई.

या कामाची योग्यता मोठी आहे. एखाद्या शेतांतील माती किती हात खोल होती, हें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं कोणी खणून पाहिलें आणि लिहून ठेविलें, ही गोष्ट जगांतील फार थोड्या देशांना सांगतां येईल. भूमि-अभिलेखांत ज्या गांवांचीं जुनीं टिपणें व प्रतबंदीचीं पत्रकें शाबूत असतील, त्या गांवांत त्याच ठिकाणीं पुन्हां खणून पाहिलें, तर दरम्यान किती माती वाहून गेली याचा हिशेब मांडतां येईल. शेतकऱ्याच्या तोंडीं काळी, तांबडी, बरड, चोपण, मुरमाड असे जे शब्द शतकानुशतकें होते, त्यांना या मोजणीनें आणे-पैच्या भाषेंत उतरविलें.

परंतु सारा ठरविण्यासाठीं केलेली नोंद साऱ्यापुरतेंच पाहते. मोजणीच्या कागदांत एक शब्द येतो: पोटखराबा. शेताच्या हद्दींत असूनहि ज्या भागावर पीक येत नाहीं, तो पोटखराबा. त्यांत ओढ्याचा कांठ येतो, खडकाळ पट्टी येते, नाल्याचें पात्र येतें. त्या पट्टीवर बैलांसाठीं गवत वाढत असेल, बाभळीचीं झाडें असतील, वरच्या शेतांतलें पाणी सावकाश खालीं उतरत असेल. कागदाच्या दृष्टीनें ती शेताच्या पोटांतली खराब जागा होती. तसाच दुसरा शब्द पडीक. जमीन नांगरली नाहीं म्हणजे ती पडीक. तिच्यावर कोणत्या महिन्यांत कोणाच्या मेंढ्या चरतात, या प्रश्नाला पत्रकांत रकाना नव्हता. मोजणीदारांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांना नेमून दिलेलें काम त्यांनीं चोख केलें. तथापि पुढच्या पिढ्यांनीं त्या पत्रकालाच भूमीचें पूर्ण चित्र मानलें, येथें खरी हानि झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापूरच्या भूमीचें रूप पाण्यानें पालटूं लागलें. शहराच्या ईशान्येस हिप्परगा गांवाजवळ अदिला नदीवर एकरूख तलाव बांधला गेला. त्याचें काम १८७१ सालीं पुरें झालें. दोन किलोमीटरांहून अधिक लांब आणि सुमारें २१ मीटर उंच असा तो मातीचा बंधारा आजहि उभा आहे. शेतीला कालवे आणि शहराला पिण्याचें पाणी, असे दोन्ही उपयोग त्याचे झाले. शहरांतील घरोघर ज्या तलावाचें पाणी पोंचलें, तो तलाव बांधलेला आहे हेंच पुढच्या पिढ्या विसरल्या. हिंवाळ्यांत तेथें पक्षी उतरतात, पाण्यावर संध्याकाळचीं किरणें पडतात, आणि पाहणाऱ्यास तें एखादें नैसर्गिक सरोवर वाटतें.

त्यानंतर १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. सरकारनें जागोजाग दुष्काळी कामें काढलीं. मोहोळ तालुक्यांतील आष्टीचा तलाव हें त्यांपैकीं एक काम. आष्टी हें नांव मराठ्यांच्या इतिहासांत सर्वांच्या परिचयाचें आहे. फेब्रुवारी १८१८ मध्यें येथील लढाईंत बापू गोखले धारातीर्थीं पडले, हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. साठ वर्षांनीं त्याच आष्टीच्या माळावर भुकेलेल्या स्त्री-पुरुषांनीं डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून बंधारा रचला; तो इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. त्या काळीं मुंबई इलाख्यांतील दुष्काळी मजुरी कमी करून ती एक पौंड धान्याच्या मापाशीं बांधण्यांत आली, तेव्हां हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. दुष्काळी तलावाच्या मातींत किती पाट्या पडल्या हें इंजिनियरांच्या घनफुटांत लिहिलेलें असतें. त्या वाहणारांनीं काय खाल्लें, त्यांतले किती घरीं परतले, हें घनफुटांत मावत नाहीं.

१८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचा विसावा खंड प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालीं निघालेल्या या खंडांत सोलापूर जिल्ह्याच्या नद्या, माती, पिकें, जाति, व्यापार आणि प्रेक्षणीय स्थळें यांचें वर्णन आहे. या जिल्ह्याची इतकी सविस्तर हकीकत त्यापूर्वीं लिहिली गेली नव्हती, आणि आजचा अभ्यासकहि प्रथम त्याकडेच वळतो. त्याची मांडणी मात्र प्रकरणवार आहे. माती एका प्रकरणांत, धनगर दुसऱ्या प्रकरणांत, तलाव तिसऱ्यांत आणि देवस्थान चौथ्यांत. भूमीवर या चारहि गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पुस्तकानें त्या वेगळ्या केल्या. पुन्हां जोडण्याचें काम वाचकावर सोडलें.

विसाव्या शतकांत शेतांचे बांध हा भूमि घडविण्याचा मोठा उद्योग झाला. १९३३ सालीं सोलापुरांत कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र सुरू झालें. पाऊस थोडा आणि तोहि अवेळीं. अशा ठिकाणीं पडलेलें पाणी शेतांतच मुरविलें पाहिजे, हें तेथील प्रयोगांचें सूत्र. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानें समपातळीचे बांध घालण्याच्या कामास सरकारी बळ मिळालें. मोहोळच्या केंद्रांत मालदांडी ज्वारीतून निवडलेला वाण रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्यांत घरोघर पोंचला. आज सोलापूरच्या रब्बी रानांत उतारास आडवे जाणारे जे बांध दिसतात, त्यांतील पुष्कळ या काळानंतरचे आहेत. परंतु बांधाची कल्पना नवी नव्हती. ताल टाकून माती अडविण्याची रीत शेतकऱ्यांना पूर्वींपासून माहीत होती. संशोधकांनीं तिला मोजमाप आणि पातळी दिली.

पुढें १९७२ सालचा दुष्काळ आला. खडी फोडणें, नालाबांध घालणें, पाझर तलाव खोदणें, हीं कामें हजारों ठिकाणीं निघालीं. कामावर सुकडी वांटली गेली. आणि त्यांतूनच रोजगार हमी योजनेला १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें. या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी होती. सोलापूर जिल्ह्यांत गांवोगांव जो पाझर तलाव आढळतो, त्याच्या जन्माचा दाखला म्हणजे त्या कामाचा हजेरीपट. भूमीच्या इतिहासाचें याहून अस्सल साधन सांपडणें कठीण. आणि याच्याइतकें बेफिकीरीनें वागविलें गेलेलें साधनहि दुसरें नसेल.

येथवर काळीचा आणि पाण्याचा विचार झाला. माळाची गोष्ट अधिक करुण आहे. पावसाळ्यांत काळी जमीन चिखलानें भरते. त्या दिवसांत मेंढ्यांना कोरडा, निचऱ्याचा माळ मानवतो. पीक निघाल्यावर धनगर कळप घेऊन शेतांत उतरतो. शेतकरी आपल्या रानांत मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळवितो आणि त्याबद्दल धान्य देतो. म्हणजे माळ आणि काळी यांचा हा वार्षिक देवघेवीचा करार आहे. मंगळवेढें तालुक्यांतील हुलजंतीस दिवाळींत धनगरांची मोठी यात्रा भरते. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या अभ्यासासाठीं दख्खनचे माळ तुडविले, आणि धनगरांच्या ओव्यांतून त्यांच्या फिरतीचा भूगोल उलगडून दाखविला. पंढरीच्या विठ्ठलाचें मूळ गवळी-धनगरांच्या दैवतांत असल्याचें प्रतिपादन रा. चिं. ढेरे यांनीं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथांत केलें. ज्या माळाला पत्रकानें पडीक म्हटलें, त्याच माळानें महाराष्ट्राला आपलें आराध्य दैवत दिलें असेल, हा विचार प्रत्येकानें मनांत घोळवावा असा आहे.

या माळावर माळढोक हा मोठा, लाजाळू पक्षी राहत असे. त्याच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. सोलापूरच्या उत्तरेस असलेलें नान्नज हें त्याचें प्रसिद्ध ठिकाण. अभयारण्याचें क्षेत्र होतें सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर. नकाशावर रेषा ओढतांना तींत गांवें आलीं, बाजारपेठा आल्या, उंसाचे मळे आले. लोकांना आपलें शेत विकतां किंवा सुधारतां येईना, आणि पक्ष्याविषयीं आपुलकीऐवजीं राग उत्पन्न झाला. शेवटीं २०१२ च्या सुमारास तें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांच्या आसपास आणण्यांत आलें. दरम्यान जी जमीन खरोखर मोकळा माळ होती, तिच्यावर कोठें नांगर फिरला, कोठें ती सुधारावी या सद्हेतूनें झाडें लावलीं गेलीं. माळढोकास दाट झाडी नको असते. त्याला दूरवर दिसेल असें पवन्या, मारवेल, कुसळी यांचें मोकळें रान लागतें. आज नान्नजला तो दिसला तर ती बातमी होते. कायदा होता, हेतु चांगला होता. पण माळ कोठें आहे, तो कशानें माळ राहिला आहे, कोण त्यावर कोणत्या ऋतूंत चारतो, याची खरी नोंद प्रथम झाली असती, तर रेषा निराळी पडली असती.

भीमेवर १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें जिल्ह्याचें भाग्य पालटलें. उंस वाढला, सोलापूर शहराला त्याच जलाशयांतून पाणी येऊं लागलें. जलाशयाखालीं भीमेचें जुनें खोरें गेलें. पाणी फार ओसरतें, त्या उन्हाळ्यांत इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक तें पाहण्यास गर्दी करतात. देवळाचीं छायाचित्रें पुष्कळ निघतात. त्या देवळाभोंवतींची पांढरी, नदीकांठचीं मळईचीं रानें, विहिरी, उतार, होडीच्या जागा, शेतांचीं नांवें, यांचें चित्र कोणापाशीं आहे? विस्थापितांच्या स्मरणांत तें होतें, आणि ती पिढी आतां सरत आली आहे.

सोलापूरपुरता हा अनुभव नाहीं. जगांतहि इमारतींची नोंद आधीं झाली आणि भूमीची मागाहून. अमेरिकेंत १९३३ सालीं, मंदीनें बेकार झालेल्या वास्तुशिल्पज्ञांना काम देण्यासाठीं, ऐतिहासिक इमारतींचीं मोजमापें घेण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच धर्तीवर ऐतिहासिक भूदृश्यांची नोंद करण्याचा उपक्रम सुरू होण्यास २००० साल उजाडलें. इंग्लंडांत डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शेतांचीं कुंपणें, गाडीवाटा आणि ओसाड खेडीं हीं इतिहासाचीं साधनें म्हणून वाचावयास शिकविलीं. युनेस्कोनें १९९२ सालीं सांस्कृतिक भूदृश्य हा वर्ग मान्य केला. त्या वर्गांत १९९५ सालीं फिलिपाइन्समधील डोंगर-उतारावरचीं भातखाचरें घेण्यांत आलीं. थोड्याच वर्षांत तरुण मंडळी गांव सोडून गेली, बांध ढांसळले, पाट तुटले, आणि २००१ सालीं तीं खाचरें धोक्यांतील स्थळांच्या यादींत घालावीं लागलीं. लोकांनीं पुन्हां कंबर बांधल्यावर २०१२ सालीं तीं त्या यादींतून निघालीं. देऊळ ओस पडलें तरी कांहीं शतकें उभें राहतें. राबतें शेत मात्र दोन पावसाळ्यांत ढांसळतें. म्हणून भूमीची नोंद करतांना तिला राखणारांची नोंद वगळून चालत नाहीं.

मग सोलापूरच्या भूमीची नोंद कशी असावी? प्रथम आकृति: गावनकाशा, जुनें टिपण आणि आजचें उपग्रहचित्र हीं एकाशेजारीं एक ठेवून काय बदललें तें टिपणें. दुसरें, चालना: पाणी कोठून येतें, कोठें थांबतें, सांडवा कोणत्या ओढ्यास मिळतो, गाळ कोणत्या रानांत जातो. २०१७ सालापासून सरकारनें धरणांतील गाळ शिवारांत नेण्याची योजना चालविली. ती चांगलीच आहे, परंतु तळें पुन्हां गाळानें कां भरतें याचें उत्तर त्याच्या वरच्या उतारावर शोधावें लागतें. तिसरें, रीत आणि श्रम: कोणीं खोदलें, कोणत्या मजुरीवर खोदलें, कोणाचे कळप कोणत्या महिन्यांत येतात, कोणाला पाणी भरूं दिलें जात नसे आणि केव्हांपासून तें भरूं दिलें जाऊं लागलें. हा शेवटचा प्रश्न टाळून लिहिलेला तळ्याचा इतिहास अर्धाच राहील. चौथें, नांवें. प्रत्येक शेताला, ओढ्याला, टेंकाडाला गांवांत नांव असतें; सरकारी कागदावर त्याचा गट क्रमांक होतो, आणि नांवाबरोबर त्यांत सांठलेली आठवण जाते.

हें काम मोठ्या संस्थांचें आहे असें समजून थांबण्याची गरज नाहीं. गावनकाशा सरकारी कचेरींत मिळतो. एखाद्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलें आणि गांवांतील चार वृद्ध माणसें मिळून एका पावसाळ्यांत आपल्या शिवाराची फेरी पुरी करूं शकतील. पाऊस पडत असतांना पाण्याच्या मागें चालत गेलें, म्हणजे जी गोष्ट नकाशा सांगत नाहीं ती पायांना कळते. सोलापूर, पंढरपूर, बार्शी येथें स्थायिक झालेल्या कुटुंबांतून आजहि गांवाशीं नातें राखणारीं घरें पुष्कळ आहेत. त्यांच्या माजघरांत जुने उतारे, वांटणीपत्रें आणि त्यांहून मौल्यवान अशीं म्हातारीं माणसें आहेत.

यांत विलंबाला मात्र जागा नाहीं. १९७२ सालीं जी मुलगी अठराव्या वर्षीं पाझर तलावाच्या भरावावर पाट्या टाकीत होती, तिनें आज सत्तरी ओलांडली आहे. माती कोणत्या खाणींतून आणली, दिवसाचे किती पैसे पडले, कामावर कोण दगावलें, तलाव पहिल्यांदां भरला त्या दिवशीं गांवानें काय केलें, हें तिला सांगतां येतें. आष्टीच्या बंधाऱ्यावर राबलेल्यांना असें कोणी विचारलें नाहीं, आणि आतां विचारतां येणें शक्य नाहीं. पाझर तलावांवर राबलेल्यांना विचारण्यास अजून कांहीं वर्षें हातांत आहेत.